‘गॅटाका’ : निवड, संपादन आणि संमतीचा प्रश्न

मानवी जनुक-संपादनाच्या नैतिकतेची चर्चा निघाली की अँड्र्यू निकोल यांच्या ‘गॅटाका’ (१९९७) या चित्रपटाचा दाखला हटकून दिला जातो. वस्तुतः त्यात जनुकांतील फेरफारापेक्षा भ्रूणांची निवड केंद्रस्थानी आहे. आईवडिलांच्याच बीजांपासून सिद्ध झालेल्या चार निरोगी भ्रूणांतून अँटन निवडला जातो. नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या थोरल्या व्हिन्सेंटला मात्र हृदयविकाराचे भाकीत ऐकताच वडील आपले नाव देण्याचा बेत बदलतात. संभाव्यतेलाच निकाल मानणारी समाजव्यवस्था या एका प्रसंगातून उभी राहते. हेच चित्रपटाचे खरे यश होय.

तथापि, उत्तर देताना तो डळमळतो. दुसऱ्याची ओळख धारण करून व्हिन्सेंट अंतराळात जातो. त्याची जिद्द जिंकते. व्यवस्था जशीच्या तशी राहते. लपविलेल्या विकारामुळे सहप्रवाशांना संभवणाऱ्या धोक्याविषयीही चित्रपट मौन बाळगतो.

२०१८ मध्ये चिनी संशोधक हे जियानकुई यांनी जनुक-संपादित जुळ्या मुलींचा जन्म जाहीर केला. एचआयव्हीला प्रतिकार मिळावा म्हणून त्यांनी सीसीआर५ या जनुकात बदल केला होता. वास्तविक पित्याकडून होणारा संसर्ग वीर्यशुद्धीकरणाने टाळता येतो. २०१९ मध्ये त्यांना ३ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. येथे प्रश्न निवडीचा नसून, संमती देऊ न शकणाऱ्या जिवात आणि त्याच्या पुढील पिढ्यांत उतरणाऱ्या बदलाचा आहे. ‘गॅटाका’ भेदभावाविषयी सावध करतो. संमतीविषयी त्याच्यापाशी शब्द नाहीत. म्हणून वर्गात तो अवश्य दाखवावा. मात्र चर्चा त्याच्यापाशी थांबवू नये.