तर्क बरोबर, गृहीतक चूक

तर्कातल्या चुका कशा शोधायच्या हे आपण शिकतो. पण तर्क पक्का असूनही उत्तर चुकलं तर? तेव्हा चूक बहुधा पहिल्या पायरीवर असते, आणि ती पायरी कुणी लिहूनच ठेवलेली नसते.

क्वासिक्रिस्टलचं प्रकरण बघा. एप्रिल १९८२ मध्ये अमेरिकेत डॅन शेख्टमन यांना झटकन थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूच्या इलेक्ट्रॉन विवर्तनात दहापदरी सममिती दिसली. अणूंची मांडणी ठरावीक अंतराने जशीच्या तशी पुन्हा येत असेल, तर अशी सममिती अशक्य आहे. हे गणित आजही खरं आहे. चुकलं होतं ते त्याआधीचं गृहीतक: स्फटिक म्हटला की पुनरावृत्ती असणारच.

दोन नोबेल मिळवलेले लायनस पाउलिंग यांनी यावर दोन प्रकारे टीका केली. ‘क्वासिक्रिस्टल नसतात, क्वासि-शास्त्रज्ञ असतात’, ही त्यांची कोटी खुद्द शेख्टमन सांगत. दुसरी टीका १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये आली: हे साधे घनाकृती स्फटिकच आहेत, फक्त अनेक जुळे एकमेकांना जोडलेत.

दोन्ही टीका रोखठोकच. पण पहिलीला उत्तर काय देणार? ती माणसावर आहे. दुसरी तपासता येते. जुळे असतील तर नमुन्याच्या अगदी छोट्या भागावर झोत टाकल्यावर दहापदरी आकृती मोडायला हवी. शेख्टमन यांनी जुळे आधीच शोधून पाहिले होते, सापडले नव्हते. पुढे चांगले, मोठे नमुने मिळाले आणि जुळ्यांचं स्पष्टीकरण मागे पडलं.

‘फटकळपणाशिवाय विज्ञान पुढे जात नाही’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. इथे मात्र जुनं गृहीतक कवटाळून बसलेला माणूसच सगळ्यात फटकळ होता. शेख्टमन यांना तर त्यांचा संशोधन गट सोडावा लागला. पाउलिंग १९९४ मध्ये वारले, तोवर त्यांनी मत बदललं नाही. पण स्फटिकाची व्याख्या १९९२ मध्येच बदलली होती, आणि २०११ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या शेख्टमन यांना मिळालं.

म्हणून प्रपोजलवर कुणी कडक बोललं, तर आवाजाची पट्टी मोजत बसू नका. विचारा: माझं नेमकं कुठलं गृहीतक चुकलंय, आणि काय दिसलं तर ते मोडेल? उत्तर मिळालं तर वहीत लिहून घ्या. दुसऱ्याच्या कामावर बोलताना हे दोन्ही आपल्याला सांगता येतंय का, तेही आधी बघा.