व्हॉएजरची हरवलेली एकोणतीस वर्षं

आधी एक हिशोब करू. 'स्टार ट्रेक: व्हॉएजर' (१९९५ ते २००१) या मालिकेच्या पहिल्याच भागात जहाज घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं. कॅप्टन जेनवे सांगते की पूर्ण वेगाने निघालो तरी परतायला ७५ वर्षं लागतील. भागाकार केला तर सरासरी वेग येतो प्रकाशाच्या साधारण ९३३ पट. पण त्याच भागात जहाजाचा टिकवता येणारा वेग वॉर्प ९.९७५ असल्याचं सांगितलंय. त्या काळच्या मालिकांच्या कोष्टकात नुसता वॉर्प ९ म्हणजेच प्रकाशाच्या १५१६ पट. (वॉर्प आकड्याचा १०/३ घात घ्यायचा, कॅल्क्युलेटरवर करून बघा.) त्या वेगाने ४६ वर्षांत घरी पोहोचायला हवं, खरं तर त्याच्याही आधी. मग उरलेली २९ वर्षं गेली कुठे?

यावर फॅन मंडळींनी किती डोकं खपवलंय याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही. इंधन भरायला थांबावं लागेल, इंजिन इतका वेळ सलग चालणार नाही, वाटेत नकाशा नसलेला प्रदेश आहे, अशी एकेक उत्तरं. सगळ्यांत आवडतं उत्तर मात्र थेट अधिकृत पुस्तकातून येतं. रिक स्टर्नबाख आणि मायकेल ओकुडा यांचं 'नेक्स्ट जनरेशन'चं टेक्निकल मॅन्युअल १९९१ साली आलं. त्यात म्हटलंय की वॉर्पचा प्रत्यक्ष वेग त्या त्या ठिकाणच्या वायूची घनता, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं, 'सबस्पेस'मधले चढउतार यांवर अवलंबून असतो. झालं! जहाज उशिरा पोहोचलं तर तिथलं सबस्पेस खराब, लवकर पोहोचलं तर चांगलं.

मला हे पुस्तक मनापासून आवडतं, म्हणून त्याच्यावर टीका करायचा हक्क मी घेते. ते लिहिलंय अगदी खऱ्या मशीनच्या मॅन्युअलसारखं, आकृत्या आणि आकड्यांसकट. वाचताना वाटतं की कुठेतरी हे जहाज खरंच बांधलं जातंय. पण वर दिलेलं वाक्य नीट बघा. तो एक असा पॅरामीटर आहे जो कुठल्याही निरीक्षणाला फिट होतो आणि ज्याचं मूल्य आधी कधीच सांगितलेलं नसतं. लेखकांच्या बाजूने यात काहीच चूक नाही. पटकथा लिहिणाऱ्यांना मोकळीक हवी होती, ती त्यांनी दिली. गडबड होते ती फॅन्सच्या वादात. तिथे हे वाक्य स्पष्टीकरण म्हणून वापरलं जातं. तुमच्यापैकी जे आत्ता रिसर्च प्रपोजल लिहितायत त्यांनी आपल्या मॉडेलमध्ये असं एखादं सबस्पेस लपलंय का ते जरूर शोधा. माझ्या पहिल्या मसुद्यात दोन होती.

खेळणी आणि मॉडेल्स जमवणाऱ्यांना या मंडळींत जरा खालचं समजलं जातं. वाद घालणारे ते बुद्धिमान, खेळणी जमवणारे ते हौशी. मला हे उलटं वाटतं. एन्टरप्राइझचं प्लास्टिकचं किट एएमटी कंपनीने १९६६ सालीच बाजारात आणलं. मालिकेत जहाज जवळपास २८९ मीटर लांब धरलंय. आता किट हातात घेऊन स्केल काढलं की प्रश्न सुरू होतात. या बशीत किती मजले बसतील? मागच्या हँगरमध्ये पडद्यावर दिसतो तेवढा मोठा शटल मावतो का? त्या शटलचंच घ्या. 'गॅलिलिओ'चा बाहेरचा पूर्ण आकाराचा सांगाडा आणि आतला सेट यांचा मेळच बसत नाही. आत माणसं आरामात उभी राहतात, बाहेरून तेवढी उंचीच नाही. हा सांगाडा दुरुस्त होऊन २०१३ पासून ह्यूस्टनच्या स्पेस सेंटरमध्ये ठेवलाय, म्हणजे टेप घेऊन मोजण्याइतकी खरी वस्तू आहे ती. प्लास्टिकला सबस्पेसची पळवाट नसते. मावलं तर मावलं, नाहीतर नाही.

फ्रान्झ जोसेफ या विमान उद्योगातल्या ड्राफ्ट्समनने १९७५ साली एन्टरप्राइझचे मजल्यागणिक आराखडे छापले. मुलीच्या स्टार ट्रेकच्या वेडातून तो यात ओढला गेला होता. त्या आराखड्यांना मी समीक्षा म्हणेन. प्रत्येक खोली कुठेतरी बसवायची म्हटली की मूळ कथेत काय अशक्य आहे ते आपोआप बाहेर येतं.

फॅन्सच्या वादाने खरोखर काही बदललं याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण लॅरी निव्हनचं. त्याच्या 'रिंगवर्ल्ड' (१९७०) या कादंबरीत ताऱ्याभोवती एक अखंड घट्ट कडं बांधलेलं आहे, त्रिज्या साधारण पृथ्वी आणि सूर्यातल्या अंतराएवढी. १९७१ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एमआयटीचे विद्यार्थी, रिंगवर्ल्ड अस्थिर आहे, असं ओरडत फिरले. बरोबरच होतं त्यांचं. कडं जरासं एका बाजूला सरकलं की जवळ आलेला भाग ताऱ्याकडे आणखी ओढला जातो आणि शेवटी त्यावर आदळतो. घन, एकसारखं कडं टिकत नाही हे मॅक्सवेलने शनीच्या कड्यांवरच्या निबंधात १८५९ सालीच दाखवलं होतं. निव्हनने ते मान्य केलं आणि १९८० च्या पुढच्या कादंबरीत कड्याच्या काठावर त्याला जागेवर ठेवणारी इंजिनं बसवली. (पहिल्या आवृत्तीत त्याने पृथ्वीही उलटी फिरवली होती, ते पुढच्या छपाईत दुरुस्त केलं. संग्राहक आता ती चुकीची प्रतच शोधत असतात.) इथे वाद जिंकला तो मालिकेतला कुठला संवाद दाखवून नाही, गणित दाखवून.

आता मुख्य मुद्दा, प्रकाशापेक्षा जास्त वेगाचा. १९९४ मध्ये कार्डिफमध्ये न्यूमेरिकल रिलेटिव्हिटीत काम करणाऱ्या मिगेल आल्कुबिएरेने 'क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी'त एक छोटासा पेपर लिहिला. शीर्षकातच 'वॉर्प ड्राइव्ह' हे शब्द आहेत. फॅन विचारतो, इंजिन कसलं असेल? याने प्रश्नच उलटा केला. अवकाशकालाचा कुठला आकार असला तर जहाज हवं तिथे पोहोचेल ते आधी लिहायचं, पुढे अवकाश आकुंचन, मागे प्रसरण, आणि मग आइन्स्टाइनच्या समीकरणांना विचारायचं की यासाठी कुठलं द्रव्य लागेल. उत्तर आलं, ऋण ऊर्जा. ते त्याने लपवलं नाही, पेपरमध्ये स्वतःच सांगितलंय की ऊर्जेच्या नेहमीच्या अटी इथे मोडतात.

फॅन्सच्या गप्पांत साधारण इथेच गाडी थांबते: आइन्स्टाइनने परवानगी दिली! पुढचं कोणी वाचत नाही. १९९७ मध्ये फेनिंग आणि फोर्ड यांनी दाखवलं की क्वांटम मर्यादा पाळल्या तर शंभर मीटरच्या बुडबुड्याला दृश्य विश्वाच्या वस्तुमानाहून कितीतरी जास्त ऋण ऊर्जा लागेल. १९९९ मध्ये व्हॅन डेन ब्रोकने भूमिती बदलून ती काही सूर्यांइतकी खाली आणली. २०२१ मध्ये लेंट्झने धन ऊर्जेवर भागतं असा दावा केला, त्यावर सँटियागो, शुस्टर आणि व्हिसर यांनी लगेच आक्षेप घेतला. पेपर वाचायचा म्हणजे ही मागची रांगही वाचायची.

मी मात्र वाचली नव्हती. पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी हाच पेपर निवडला, पहिल्या स्लाइडवर एन्टरप्राइझ, पुढे बुडबुड्याची रंगीत आकृती. दहा मिनिटांनी एका सिनिअरने शांतपणे विचारलं, "हा वेग कोणाच्या सापेक्ष?" मी चार स्लाइड मागे गेले, परत पुढे आले. उत्तर नव्हतं.

गंमत म्हणजे स्टार ट्रेकमध्येही नाही. हजारो पानं वॉर्पवर लिहिली गेली, पण १५१६ पट म्हणजे कोणाच्या चौकटीत, हे जवळपास कोणी विचारत नाही. विचारलं की काय होतं बघा. विशेष सापेक्षतेनुसार जहाजाच्याच दिशेने जाणाऱ्या निरीक्षकाचा वेग प्रकाशाच्या १/१५१६ पेक्षा जास्त असला, म्हणजे सेकंदाला सुमारे १९८ किलोमीटर, तर त्याला जहाज निघण्याआधी पोहोचलेलं दिसतं. आता त्या निरीक्षकानेही स्वतःच्या सापेक्ष तेवढ्याच वेगाने आपलं जहाज परत पाठवलं, आणि त्याचा वेग याच्या साधारण दुप्पट, सेकंदाला ३९५ किलोमीटरच्या वर असला, तर उत्तर प्रश्नाच्या आधी घरी येतं. हे वेग काही अचाट नाहीत. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला २२० किलोमीटरच्या आसपास फिरतो. केंद्रापलीकडे तेवढ्याच अंतरावरचा तारा उलट दिशेने जात असतो, दोघांचा सापेक्ष वेग झाला ४४०.

आणि मालिकेत काळात मागे जायचं तर बिचाऱ्यांना सूर्याभोवती गिरकी मारावी लागते.

यातून सुटायचं तर सबस्पेसला एक ठरलेली चौकट आहे असं मानावं लागेल, सगळे वॉर्प वेग तिच्या सापेक्ष. काही फॅन्सनी हे प्रामाणिकपणे मांडलंय, आणि त्यासाठी सापेक्षतेचं मूळ तत्त्वच सोडावं लागतं हेही. आल्कुबिएरेच्या एकट्या बुडबुड्यात ही अडचण येत नाही, पण दोन बुडबुडे वापरले की येते, हे अ‍ॅलन एव्हरेटने १९९६ मध्ये दाखवलं. तो पेपर समजायला विशेष सापेक्षतेचं एमएस्सीचं एक सेमिस्टर पुरेसं आहे. मी तो जर्नल क्लबनंतर त्याच रात्री वाचला. वरचा १९८ चा हिशोब तेव्हाचाच, वहीच्या मागच्या पानावरचा.