राजवाडा पाहावा कसा ?

जुना राजवाडा पाहणें ही एक कला आहे, आणि ती आमच्या सुशिक्षित वर्गानें अद्याप पुरती संपादन केलेली नाहीं, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करितों. फ्रान्सांत जाऊन व्हर्सायचा प्रासाद पाहून आलेल्या मराठी प्रवाशाचें वर्णन वाचावें. त्यांत आरसेमहालांतील 357 आरशांची गणती असते, कारंज्यांची व पुतळ्यांची स्तुति असते, आणि शेवटीं ‘आमच्याकडे असें कांहीं नाहीं’ असा एक सुस्कारा असतो. आतां महाडजवळच्या रायगडावर जाऊन आलेल्या गृहस्थाचें वर्णन घ्यावें. भग्न चौथरे, दाटून आलेला कंठ, आणि ‘आमच्या राजास विलासाची गरजच नव्हती’ असा अभिमानाचा समारोप ! एकानें मान खालीं घातली, दुसऱ्यानें ती वर केली. परंतु समोर जें होतें तें दोघांनींही पाहिलें नाहीं. हाच या दोन्ही लेखनप्रकारांवर आमचा मुख्य आक्षेप आहे.

वस्तुतः ही तुलना करण्यास काळ अनुकूल आहे. शिवाजीमहाराजांचा जन्म 1630 चा व चौदाव्या लुईचा 1638 चा. 1674 च्या जून महिन्यांत रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हां व्हर्सायचा मोठा कालवा अजून खणला जात होता. आणि 1682 सालीं लुईचा दरबार तेथें कायमचा राहावयास गेला, तेव्हां महाराजांना कैलासवासी होऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. दोघांनींही जुन्या सत्तास्थानापासून दूर, अडचणीची जागा निवडून नवी राजधानी वसविली. लुईनें निवडली ती दलदल होती, महाराजांनीं निवडला तो कडा होता.

लुईनें आणखी एक काम केलें, तें आमच्या मतें आरसेमहालाहून अधिक अनुकरणीय आहे. आपलीं उद्यानें पाहुण्यांस कशीं दाखवावीं याची एक छोटी मार्गदर्शिका त्यानें स्वतः तयार केली. कोठें थांबावें, कोणत्या बाजूस वळावें, कोठून मागें वळून पाहावें, एवढाच तिचा विषय. तिची पहिली प्रत 1689 ची. त्याच वर्षीं रायगड मोंगलांच्या हातीं गेला, हा योगायोग मनास चटका लावणारा आहे. तेथें राजा आपली बाग पाहण्याची रीत लिहीत होता, येथें पाहणाराच उरला नव्हता !

आतां त्या रीतीनें रायगड पाहूं. प्रथम पाणी घ्या. व्हर्सायला पाण्याचें दारिद्र्य होतें. सीन नदीचें पाणी दीडशें मीटरांहून अधिक उंच चढविण्यासाठीं 1684 सालीं मार्ली येथें चौदा प्रचंड चाकांचें यंत्र उभें राहिलें. तरीही सर्व कारंजीं एकाच वेळीं मनसोक्त उडवितां येत नसत. राजाची स्वारी जवळ आली कीं माळ्यांनीं शीळ घालावी, मग त्या बाजूची तोटी उघडावी, असा प्रकार होता. रायगडास पाऊस भरपूर. पण वरंधपासून महाडपर्यंतच्या कोणत्याही गांवकऱ्यास विचारा, श्रावणांत ज्या कड्यावरून धबधबे कोसळतात तोच कडा वैशाखांत कोरडा ठणठणीत असतो. म्हणून येथें पाणी चढविण्याचा नव्हे, तर अडविण्याचा प्रश्न होता. गंगासागर तलाव राजवाड्यास अगदीं लागून आहे, आणि त्याच्या कांठीं ते दोन बहुकोनी मनोरे उभे आहेत. तहान भागविणारें पाणी व दृष्टीस सुख देणारें पाणी येथें एकच आहे. हें दारिद्र्य नव्हे, ही योजना आहे.

दुसरी गोष्ट मध्यरेषेची. व्हर्सायला 1701 सालीं राजाचें शयनगृह प्रासादाच्या मध्यावर आलें. त्याच्या खिडक्या पूर्वेस, उगवत्या सूर्याकडे. रायगडावरील सिंहासनाची जागाही पूर्वाभिमुख असून तिच्या बरोबर समोर नगारखान्याचा भव्य दरवाजा आहे. एका टोकाशीं हलक्या आवाजांत उच्चारलेला शब्द दुसऱ्या टोकास ऐकूं येतो, याचा अनुभव पुष्कळांनीं घेतलेला आहे. परंतु तेथें टाळी वाजवून परतणाऱ्यांपैकीं किती जण त्या दरवाजांतून सिंहासनाकडे नीट रोखून पाहतात?

तिसरी गोष्ट उद्यानाची, आणि येथें अभिमानी पक्षाचा कैवार घेणें आम्हांस अशक्य आहे. जगदीश्वराच्या देवळावरील संस्कृत शिलालेखांत हिरोजी इंदुलकरांनीं गडावर काय काय निर्माण केलें याची यादी आहे. तींत विहिरी आहेत, तलाव आहेत, स्तंभ, गजशाळा व राजसदनें आहेत, आणि रम्य वनेंही आहेत. प्रशस्तींत अतिशयोक्ति असावयाचीच, हें आम्ही जाणतों. पण यादींतील ज्या वस्तु आज पडताळून पाहतां येतात, ते तलाव व ते मनोरे, त्या खऱ्या निघतात. हत्तींविषयीं तर परक्याचीच साक्ष आहे. 1674 सालीं आलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलानें गडावर दोन हत्ती पाहिले, व ते एवढ्या बिकट वाटेनें वर आले कसे याचें त्यास नवल वाटलें. मग एकट्या उद्यानाचाच उल्लेख खोटा कां मानावा ? राजानें सौंदर्याकडे पाठ फिरविली होती, ही कल्पना आम्हीं आमच्या समाधानासाठीं रचलेली आहे. ती त्याच्या मोठेपणास भूषण नव्हे.

यावर कोणी म्हणेल, तर मग राजवाडा पुन्हां बांधावा आणि उद्यान पुन्हां लावावें. येथें विवेक हवा. राज्यक्रांतीनंतर व्हर्सायचें सामानसुमान लिलावांत गेलें, तरी भिंती व आराखडे शिल्लक राहिले. म्हणून पुढें जीर्णोद्धार साधला. 1999 च्या डिसेंबरांतील वादळानें तेथील दहा हजारांहून अधिक झाडें पाडलीं. तीही पुन्हां लावतां आलीं, कारण झाड पडलें तरी ल नोत्र या उद्यानकाराची आंखणी पडली नव्हती. रायगडावरील लांकडी इमला 1818 च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफगोळ्यांनीं लागलेल्या आगींत जळाला. त्याच्या वरच्या भागाचें खात्रीचें चित्र हातीं नसतां कल्पनेचा महाल उभारणें म्हणजे खऱ्या चौथऱ्यावर खोटी साक्ष नोंदविणें होय. उलट, आंखणी तेथेंही शाबूत आहे. चौथरे, पेठेच्या दोन ओळी, पाण्याच्या जागा, मध्यरेषा हीं सर्व आहेत. जें टिकलें तेंच महत्त्वाचें आहे, आणि तें वाचतां येतें.

1979 सालीं व्हर्साय जागतिक वारशाच्या यादींत गेलें. 2025 च्या जुलैंत मराठ्यांच्या बारा दुर्गांपैकीं एक म्हणून रायगडही गेला. मान मिळाला, आतां डोळा मिळावयास हवा. दोरवाटेनें चार मिनिटांत वर जाणाऱ्या कुटुंबाच्या हातीं, कोठें थांबावें व कोणीकडे पाहावें हें सांगणारी सोळा पानांची एक साधी पुस्तिका पडेल, तर व्हर्सायच्या नांवानें सुस्कारे टाकण्याची आमच्या मुलांवर पाळी येणार नाहीं. पुतळा, रोषणाई व घोषणा यांहून ती पुस्तिका स्वस्त आहे. मात्र ती लिहिणाऱ्यानें अश्रू आणि अभिमान हे दोन्ही पाचाडास ठेवून गड चढला पाहिजे.