मण्यांचे डूल : ओळख आणि मोल

अलंकारांची चिकित्सा आपल्याकडे बहुधा सोनाराच्या तराजूपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. सोन्याला कस आहे; 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कचा शिक्काही सक्तीचा झाला आहे. काचेच्या मण्यांच्या डुलांना कसही नाही आणि शिक्काही नाही. म्हणून पेडणे तालुक्यात, हळर्णसारख्या गावी, वाटणीचा प्रसंग आला की सोन्याची कर्णफुले यादीत चढतात आणि आजीच्या डब्यातले मण्यांचे डूल पोरांच्या खेळण्यांत जातात. हा निवाडा मला सदोष वाटतो. कारण तो पुरावा न तपासताच दिलेला असतो.

पुरावा तपासणे फारसे कठीण नाही. काच गालाला थंड लागते आणि हाताला जड भासते. प्लॅस्टिक हलके असते व चटकन कोमट होते. अंगावरची सांध्याची रेघ मात्र निर्णायक मानू नये, कारण साच्यात दाबलेल्या काचेवरही ती उमटते. भोकाभोवती वळसे दिसले तर तापलेली काच सळईवर गुंडाळून तो मणी केलेला आहे. उत्तर प्रदेशातील पुरदिलनगर अशा कामाबद्दल प्रसिद्ध आहे. बारीक पोत काचेची पोकळ नळी ओढून, तिचे तुकडे पाडून होते. आंध्रातील पापानायडुपेटची ही जुनी विद्या. कुड्यांतले मोती दातावर हलकेच घासावेत : खरा किंचित खरखरतो, नकली गुळगुळीत राहतो.

काळाची साक्ष मण्यापेक्षा धातू अधिक चांगली देतो. ‘चेकोस्लोव्हाकिया’ हा छाप असलेली वस्तू 1918 पूर्वीची असू शकत नाही, कारण तो देशच त्या वर्षी जन्मला. चिमट्याचे डूल 1930 नंतरच्या दशकात रूढ झाले. आपल्याकडे कान टोचण्याची चाल असल्यामुळे असा जोड परदेशी बाजारासाठी घडलेला असण्याचा संभव अधिक; आणि 1961 पूर्वी गोव्यात परदेशी माल येत असल्याने तो येथे सापडला तर नवल नाही. परंतु मणी जुना आणि तार नवी, असेही पुष्कळदा असते. म्हणून प्रत्येक भागाची साक्ष वेगळी घ्यावी.

डूल फेकून देणारे जसे चुकतात, तसेच प्रत्येक काळवंडलेली तार ‘पोर्तुगीज काळातली’ म्हणून विकणारेही चुकतात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पितळ दोनचार पावसाळ्यांतच काळे पडते. काळेपणा म्हणजे वय नव्हे, आणि वय म्हणजेही गुण नव्हे. गुण पाहावा तो कामात : दोन्ही डूल वजनाने व रंगाने जुळतात का, मणी सारखे निवडले आहेत का, ओवण घट्ट असूनही लोलक मोकळा हलतो का, कानाची पाळी ओढली तर जात नाही ना. या कसोट्यांना उतरणारा स्वस्त जोड, सोन्याच्या ओबडधोबड जोडापेक्षा कलावस्तू म्हणून श्रेष्ठच ठरेल.

यावर कोणी म्हणेल, काचेला मोल कसले? मंगळसूत्रातले काळे मणी बहुधा काचेचेच असतात. सोनार ते वजनातून वजा करतो. घर मात्र ते वजा करीत नाही. किंमत आणि मोल यांतला भेद आपल्याला ठाऊक आहे. आपण तो एकाच दागिन्यापुरता राखून ठेवला आहे इतकेच.

गोव्याच्या 2012 च्या वारसा व इन्व्हेंटरीविषयक कायद्यात वारसदारांनी आपसांत बोली लावण्याची सोय आहे. बाजारभावापलीकडे ती वस्तू कोणाला किती हवी आहे, हे त्यातून उघड होते. मण्यांच्या डुलांना ही संधी मिळत नाही, कारण ते यादीतच येत नाहीत. घरच्या यादीत तरी त्यांना एक ओळ द्यावी : मणी कशाचे, तार केव्हाची, आणि ते कोणाच्या कानात होते. यांतली शेवटची माहिती कोणताही पारखी पुढे शोधून देऊ शकणार नाही. ती घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवली पाहिजे.