‘लोकहित’ शब्दाची झडती

एखाद्या शब्दाची योग्यता केवळ कोशांत पाहून ठरत नाहीं. तो कोणाच्या तोंडीं होता आणि कोणाच्या कामीं आला, हें पाहावें लागतें. ‘लोकहित’ हा आमच्या जुन्या वृत्तपत्रांचा मोठा आवडता शब्द. आज तो मागें पडला असून जाहिरातींच्या पाट्यांवर ‘जनहितार्थ’ आणि न्यायालयांत ‘जनहित याचिका’ एवढींच त्याचीं भावंडें नित्य भेटतात. म्हणून त्याची एकवार झडती घेणें अवश्य वाटतें.

भाऊ महाजनांनीं १८४१ सालीं मुंबईस ‘प्रभाकर’ पत्र काढलें. त्यांत १८४८ पासून गोपाळ हरि देशमुख ‘लोकहितवादी’ या नांवानें पत्रें लिहूं लागले. तेव्हां त्यांचें वय २५ वर्षांचें होतें. पत्रें १०८ झालीं, तरी नांव ‘शतपत्रें’ असेंच राहिलें. या लेखनाचा थोर गुण हा कीं, त्यांतील हित आणि प्रिय यांची गल्लत कोठेंही नाहीं. वैद्यानें पथ्य सांगावें तसें लेखक आपल्याच ज्ञातीस आळस, अर्थहीन पाठांतर आणि विधवांची दैना यांविषयीं खडे बोल ऐकवितो. पण यांतील ‘लोक’ कोण? आमच्या मतें ते मुख्यतः वाचणारे लोक. न वाचणारी रयत या पत्रांच्या कडेला उभी राहते. तिच्याविषयीं बोलणें होतें, तिच्याशीं होत नाहीं.

त्या रयतेचें हित त्या काळीं सरकारही सांगत होतें. प्रिंगलसाहेबांच्या जबर आकारणीनें जमिनी ओस पडल्यावर १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरांत नवी पाहणी करून दर उतरविले व ते ३० वर्षांसाठीं बांधून दिले. लागवड वाढली, हें श्रेय त्यांस द्यावेंच लागेल. परंतु १८६७ सालीं मुदत सरतांच दर पुष्कळ चढले. हितही मुदतीचें होतें, असें रयतेस वाटलें असल्यास नवल काय?

पुढें १२ मे १८७५ रोजीं, आजच्या बारामती तालुक्यांतील सुपें गांवीं, बाजारच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. ‘लोकहित’ हा शब्द न उच्चारतां त्यांनीं आपल्या हिताचा प्रश्न मांडला; आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा झाला. जें पत्रांच्या भाषेस साधलें नव्हतें, तें जळत्या कागदांनीं साधलें, ही गोष्ट लेखणी धरणारांस सुखाची नाहीं.

तथापि लेखणीही कांहीं शिकली. १८७६–७७ च्या दुष्काळांत सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती जमविली; तिचें त्रैमासिक १८७८ सालीं निघालें. हिताची भाषा आतां आंकड्यांवर उभी राहूं लागली. १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं ‘दीनबंधु’ काढला. त्याच्या नांवांतच ‘लोक’ जाऊन ‘दीन’ आला. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां तर कोणाचें हित आणि कोणाच्या खर्चानें, हा प्रश्न उघडच झाला.

आमचा अभिप्राय असा कीं, ‘लोकहित’ हा शब्द खोटा नव्हता, अपुरा होता. नीरेच्या डाव्या कालव्यानें बारामती-इंदापुरांत ऊंस आणला. पण सुप्याकडील उंच जिरायत भागास त्या प्रवाहाचें पाणी पोंचलें नाहीं. कालवा लोकहिताचा खरा, पण त्याचीं फळें सर्व लोकांस सारखीं मिळालीं नाहींत. यापुढें कोणी हा शब्द वा त्याचें नवें भावंड योजील, तेव्हां वाचकानें एवढेंच विचारावें: यांत सुपें येतें कीं नाहीं?