‘गुप्तरोग’ : एका शब्दाची चिकित्सा

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाची (१९२७–१९५३) चर्चा बहुधा अश्लीलतेच्या खटल्यांभोवतीच फिरते. १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी ज्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच उद्भवला होता, हे मात्र विसरले जाते. त्या प्रश्नोत्तरांचे सामर्थ्य असे की, तेथे पृच्छकाचे नाव गौण आणि त्याचा प्रश्न मुख्य. रूढ ‘गुप्तरोग’ हा शब्द नेमके उलट करतो. गुप्तता असावयास हवी रोग्याची, ती तो रोगालाच बहाल करतो.

तथापि पत्राला मर्यादा होती. लक्षणांविना शरीरात राहणारा उपदंश रक्ततपासणीवाचून कळत नाही. आज ती तपासणी शासकीय सुरक्षा क्लिनिकांत विनामूल्य होते. २०१७ च्या कायद्याने संमती व गोपनीयता बंधनकारक केली, परंतु ती एचआयव्हीपुरती. उपदंश, परमा त्याबाहेरच राहिले. आणि खर्डी-कसाऱ्यादरम्यानच्या उंबरमाळीहून शहापूरला तपासणीसाठी जाणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते; रांगेत गावचेच कोणी भेटेल ही धास्ती वेगळीच. नियमित तपासणी म्हणजे ही फेरी पुनःपुन्हा. कर्व्यांच्या वाचकाला निदान टपालपेटीपर्यंतच जावे लागे.