मेबेरीतला रविवार

व्हरांड्यातल्या खुर्चीत बार्नी फाइफ बसला आहे. आता घरी जाईन, जरा आडवा होईन, मग मैत्रीण थेल्मा लूकडे टीव्ही बघायला जाईन, असं तो स्वतःशीच म्हणतो. उठत मात्र नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच, त्याच चालीत. शेजारी येरझारा घालणारा पाहुणा शेवटी त्याच्यावर ओरडतो, अहो, मग जा ना एकदाचे! बार्नीला कळतच नाही, याला एवढी घाई कसली.

'द अँडी ग्रिफिथ शो'मधला हा भाग जानेवारी 1963 मधला. पाहुणा म्हणजे टकर नावाचा व्यावसायिक. त्याला शार्लटला पोचायचंय आणि गाडी रस्त्यात बंद पडलीय, तीही रविवारी. मेकॅनिक रविवारी कामाला हात लावत नाही. टेलिफोनची लाइन अनेक घरांत मिळून एकच, आणि रविवारी तिच्यावर दोन म्हाताऱ्या बहिणींच्या गप्पा चालतात. विषय काय, तर पायाला येणाऱ्या मुंग्या! टकर संतापतो. मेबेरी गावाला त्यात वावगं काहीच वाटत नाही.

सोपा विनोद गावंढळांना हसण्याचा होता. लेखक जेम्स फ्रिट्झेल आणि एव्हरेट ग्रीनबॉम तो टाळतात. हसू येतं ते घाईचं. त्यासाठी दिग्दर्शक प्रेक्षकालाही खुशाल ताटकळत ठेवतो. शेरीफ अँडी गिटारवर प्रार्थनागीत छेडतो, त्याचा डेप्युटी बार्नी सूर धरतो, आणि टकर हळूहळू सैलावतो. गाडी दुरुस्त होते, पैसेही कुणी घेत नाही, तेव्हा तोच इंजिनात काहीतरी खडखडतंय असं निमित्त काढून मुक्काम करतो. अखेरीस खुर्चीतच त्याचा डोळा लागलेला असतो, हातात सफरचंदाची न तुटलेली सलग साल.

मुळात विनोदी भूमिका अँडीचीच असायची होती. डॉन नॉट्सचा बार्नी पाहिल्यावर अँडी साकारणाऱ्या ग्रिफिथने ती त्याला दिली आणि स्वतः ऐकून घेणारा झाला. खिशात एकच गोळी बाळगणारा बार्नी आणि कमरेला पिस्तूलच न लावणारा अँडी! नॉट्सला या भूमिकेसाठी 5 एमी पुरस्कार मिळाले. मालिकेचा जीव मात्र, माझ्या मते, त्या ऐकण्यात आहे.

एक गोष्ट खटकते. मेबेरी काल्पनिक असलं तरी ते नॉर्थ कॅरोलायनातलं. 1 फेब्रुवारी 1960 ला त्याच राज्यात, ग्रीन्सबरोमध्ये, चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जेवणाच्या काउंटरवर बसले आणि उठले नाहीत. मालिका त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाली. तिच्या व्हरांड्यात कृष्णवर्णीय माणूस जवळजवळ दिसतच नाही. ही निवांत हवा कुणाला बाहेर ठेवून मिळवलीय, हे विसरून मला मालिका पाहता येत नाही.

तरी पाहतो. एकूण भाग 249. 1965 मध्ये नॉट्स मालिका सोडून गेला, रंग आले आणि मजा गेली. तुम्ही पाहणार असाल तर पहिले 159 कृष्णधवल भाग पाहा, आणि सुरुवात टकरपासून करा.